पंख्याखालचा चहा

काल वायरमननं आमचा पंखा साफ करायला उतरवला, आणि पात्यांवरच्या धुळीच्या वासानं मी दिग्रसच्या रशीदभाई टेलरच्या घरात जाऊन पोचलो. तेव्हा मी कोर्टाचा बेलीफ होतो. कापड दुकानाची उधारी थकली म्हणून त्यांच्याकडे जप्ती घेऊन गेलो होतो. शिलाई मशीन कारागिराचं अवजार, ते कायद्यानं नेता येत नव्हतं. म्हणून जप्तीच्या यादीत पंखा लिहिला.

“कायले घाई करता साहेब? अगोदर चहा घ्या, मंग काढा,” रशीदभाई म्हणाले. त्याच पंख्याखाली बसून मी चहा प्यायलो. मग स्टूल त्यांनीच धरलं. मला काही वाटलं नाही, रोजचंच काम होतं.

पंखा हातगाडीवर गेला. मी पंचांच्या सह्या घेत होतो. मला घाम आलेला पाहून त्यांच्या बायकोनं सवयीनं बटन दाबलं.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.