रशीदचाचांनी दुरुस्त केलेला पट

गेल्या महिन्यात एका सकाळी दर्यापूरहून चाचींचा फोन आला. "बेटा, चाचा गेले..." एवढंच त्या बोलल्या. रशीदचाचा माझ्या वडिलांचे दोस्त. उमेदीच्या काळात शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारे नावाजलेले धुरकरी. पण माझी त्यांची खरी गट्टी जमली ती माझ्या फसलेल्या व्हिडिओ गेममुळे.

मी अमरावतीत मोबाइलवरचे गेम बनवते. पहिला बनवला तो पटाचाच, आणि मोठ्या उत्साहाने चाचांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा पुसला, फोन आडवा धरला, बोट टेकवलं. जोडी सुसाट सुटली, कुंपणाला धडकली आणि चक्क हवेत तरंगू लागली! "हिच्या बैलाइले पंख फुटले!" चाचा इतके हसले की चाची स्वयंपाकघरातून धावत आल्या. दुसऱ्या भागासाठी मी दोन वर्षं खपले. चकचकीत चित्रं, ढोलताशे, चाबकाचं बटण. तो पाहताना मात्र चाचा एकदाही हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "बेटा, हे बैल हाय का फटफटी? बटन दाबलं का पयाले लागते." खेळणाऱ्यांनीही हेच कळवलं, जरा कडू शब्दांत. मी कंटाळून चाचांना सांगून टाकलं, आता गेम बंद, अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायला जाते.

"जाशीन. पण उद्या सकाळी इकडे ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुतण्याच्या गोठ्यात नेऊन हातात कासरा दिला. मी ओढला. जोडी हलेना. पुन्हा ओढला, तर एकानं माझ्याकडे बघून नुसतं फुरफुर केलं. "काहून पयतीन ते? तुनं त्याइले पाणी पाजलं? नावानं हाक मारली?" मग मी रोज सकाळच्या एसटीने दर्यापूरला जाऊ लागले. पाणी पाजलं, मानेखाली खाजवलं, हाका मारल्या. एके दिवशी मी दारातून हाक मारताच दोघांनी कान टवकारले आणि चालत माझ्याकडे आले... अकोल्याच्या कॉलेजला मी त्याच दुपारी नाही म्हणून कळवलं.

तिसऱ्या भागात चाबूक नाही. फोनमध्ये खरोखरची हाक मारायची, चारा-पाणी करायचं. आवाज ओळखीचा झाला की मगच जोडी धावते. लोकांनी तो उचलून धरला. एकानं तर लिहिलं, शर्यत हरलो तरी बैलांना भेटायला रोज येतो. चाचांनी आपल्या जोडीची नावं चांद्या आणि बिजल्या ठेवली, पहिलाच पट हरले आणि फोनवर माझ्यावरच ओरडले, "तुह्या गेममध्ये खोट हाय!" मग थांबून म्हणाले, "नाही... बिजल्या उपाशी होता. चूक माहीच. आता जमलं बेटा, आता जमलं." इतकी मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

परवा चाचींना भेटायला गेले. चाचांच्या या खेळाला आजवर नावं ठेवणाऱ्या चाची ओट्यावर त्यांचाच फोन घेऊन बसल्या होत्या. "थांब बेटा, पाणी दाखवून राहिली." चांद्या प्यायला आला. बिजल्या पाठ फिरवून उभा. मी म्हटलं, "चाची, नवा आवाज आहे ना. ओळखायला त्याला दिवस लागतील."

"लागू दे," चाची म्हणाल्या. "मले कुठं जायचं हाय?" आणि फोन ओठांजवळ नेऊन त्यांनी पुन्हा हाक मारली, "ए बिजल्या..."