तिकीट लावलेलं पाकीट

मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी नोकरी चालली आहे, त्यामुळे हातात आलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची खोडच लागली आहे. मंडईतली भाजीवाली मला लांबून बघूनच कपाळाला हात लावते. हीच खोड मी जुन्या पत्रांच्या नादात आणली आणि ऑनलाइन पत्रं विकणाऱ्यांचं डोकं खायला लागले. ते बिचारे एक वाकडातिकडा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘अतिशय दुर्मिळ, फक्त खऱ्या गिऱ्हाइकांनी मेसेज करावा.’ मी खरं गिऱ्हाईक, म्हणून लगेच मेसेज करते. मागची बाजू दाखवा. शिक्का जवळून दाखवा. पाकीट फोडलेलं आहे का? कडा कुरतडलेल्या आहेत का? निम्मे लोक उत्तरच देत नाहीत. मग चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस तुंबलेली असते, आणि मी सारखा फोन उघडून बघते. शेजारच्या सीटवरची बाई काळजीने विचारते, “घरी कुणी आजारी आहे का हो?”

“लग्नाच्या आधी मला एवढे प्रश्न विचारले असतेस, तर दोघंही सुटलो असतो,” असं माझा नवरा म्हणतो.

माझा खास जीव आहे तो बैरंग पत्रांवर. बैरंग म्हणजे तिकीट न लावता पेटीत टाकलेलं पत्र. घेणाऱ्याने दंड भरून ते सोडवून घ्यायचं, नाहीतर पोस्टमनला परत द्यायचं. गरिबांनी त्यातून एक सोय काढली होती. लांब गेलेल्या लेकीने घरी बैरंग पाकीट पाठवायचं, आत काही लिहायचं नाही. बापाने पाकीट हातात घ्यायचं, लेक खुशाल आहे एवढं समजून घ्यायचं आणि ‘नको’ म्हणून परत करायचं. पाकीट फिरून लेकीकडे आलं की तिलाही कळायचं, बाप खुशाल आहे. परत आलेल्या पत्राचा दंड खरं तर पाठवणाऱ्याच्या माथी, पण वस्तीतला पोस्टमन ओळखीचा असला की तो तिकडे काणाडोळा करायचा. मला हा व्यवहार फार आवडतो. त्यात सगळं काही बोलून होतं आणि पाकीट तसंच बंद राहतं.

गेल्या हिवाळ्यात अशी चार पाकिटं मला एका ॲपवर दिसली. विकणारा आमच्या जवळचाच, थेरगावात गॅरेज चालवणारा. चारही पाकिटं न फोडलेली, मराठवाड्यातल्या एका खेड्याच्या पत्त्यावर पाठवलेली आणि तिथून परत आलेली. तीन पाकिटांवर तिकीट नव्हतं आणि पोस्टमनच्या अक्षरात ‘घेण्यास नकार’ असा स्वच्छ शेरा होता. चौथ्याला मात्र तिकीट लावलेलं होतं.

झालं, माझी झोप उडाली. तिकीट लावलेलं पत्र परत कशाला येईल? घेणाऱ्याला एक पैसा पडत नव्हता. मी मेसेज केला, “भाऊ, चौथ्याच्या मागे काय शेरा आहे?”

“आहे काहीतरी. पुसट आहे,” त्याचं उत्तर आलं.

“फोटो पाठवा ना.”

त्याने कागदपत्रं स्कॅन करायच्या ॲपमधून फोटो काढला. त्यात कागद पांढराशुभ्र झाला आणि होता नव्हता तो शेराही गेला. मी पुन्हा मागितला. त्याने गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली काढून पाठवला, त्यात त्याच्या अंगठ्याचं ग्रीस तेवढं स्पष्ट दिसत होतं. पाकिटाला ग्रीस लावू नका, असं मी लगेच बजावलं.

“ताई, घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. इंजिन घेताना लोक एवढं विचारत नाहीत,” त्याने लिहिलं.

पण मी सोडते कशाची. पत्र्यावरचा बारीक ओरखडा बघायला आम्ही कंपनीत बॅटरी आडवी धरतो, वरून धरली की काही दिसत नाही. मी त्याला तसंच करायला सांगितलं. पाकीट टेबलावर ठेवा, बॅटरी बाजूने, अगदी कागदाला टेकवून धरा, मग फोटो काढा. कंटाळून असेल, पण त्याने केलं. मी बसमध्ये उभी होते. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोटो मोठा करत गेले, आणि पेन्सिलीचे दाब उठून दिसले. ‘मालक मयत. परत.’ मालक म्हणजे ज्याच्या नावाचं पत्र तो. खाली पोस्टमनची सही.

मला इतका आनंद झाला की मी दांडी सोडून दोन्ही हातांनी मेसेज लिहिला. “वा भाऊ! ‘मालक मयत’ असा शेरा आहे. हे सहसा मिळत नाही. चारही मी घेतली, कुणाला देऊ नका!”

त्याने मेसेज वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माझा जीव वरखाली होऊ लागला. कामात लक्ष लागेना. चांगला माल मी खराब म्हणून बाजूला काढला आणि सुपरवायझरने मुकाट्याने परत आत ठेवला. माझी खात्री झाली की दुसऱ्या कुणीतरी जास्त पैसे देऊ केले. माझ्याच तोंडाने मी त्याला माल दुर्मिळ असल्याचं सांगितलं होतं. स्वतःवर चरफडत मी विचारलं, “दुसरं गिऱ्हाईक आलं का?”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “नाही ताई. एकदा घरी या. अम्मीला तुमच्याशी बोलायचंय.”

रविवारी दुपारी गेले. गॅरेजच्या वरच दोन खोल्या होत्या. त्याची आई कॉटवर भिंतीला टेकून बसली होती आणि ते चौथं पाकीट तिच्या मांडीवर होतं. तिने मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. बोलला तो मुलगाच.

पाकिटं तिनेच पाठवली होती, लग्न होऊन नवऱ्याबरोबर इकडे आल्यावर. तिला लिहिता येत नव्हतं, पत्ता शेजारी घालून देत. तीन वेळा ठरल्याप्रमाणे पाकीट परत आलं. मग भावाच्या लग्नाला ती जाऊ शकली नाही, आणि बापाने निरोप धाडला की आता येऊच नकोस. तेव्हा तिने शेजारणीकडून खरंखुरं पत्र लिहवून घेतलं, माफी मागितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिकीट लावलं. बापाने ते घ्यावं, कुणाकडून तरी वाचवून घ्यावं म्हणून. तेही परत आलं. त्यांच्या घरात परत आलेलं पाकीट म्हणजे बापाने परत केलेलं, दुसरा अर्थच नव्हता. त्यामुळे मागे काय लिहिलंय ते कुणाला वाचायला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. ट्रंकेत टाकलं ते टाकलंच. आता घर आवरताना मुलाला म्हणाली, विकून टाक, माझ्या डोळ्यांसमोर नको.

“तुमचा मेसेज मी अम्मीला वाचून दाखवला,” तो म्हणाला. “मला वाटलं, भाव चांगला येतोय म्हणून खूश होईल.”

माझं ‘वा भाऊ’सुद्धा त्याने तिला वाचून दाखवलं असेल, हे डोक्यात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमी नक्की वाचलं का?” म्हातारीने विचारलं. “तेच लिव्हलंय ना? दुसरं काई न्हाई ना?”

मी बॅटरी मागितली. खिडकी लावून घेतली. बसमध्ये दांडी धरून वाचताना मला जे हवं होतं तेच दिसलं होतं, आणि आता एकदम वाटायला लागलं की मी हावरटपणात भलतंच वाचलं असेन तर? पाकीट मी सगळ्या बाजूंनी फिरवलं. एकेक अक्षर बोटाने दाखवत मुलाला वाचायला लावलं. त्याने वाचलं. मग मी वाचलं. शेरा तोच होता, सही तीच.

“तेच आहे,” मी म्हणाले. “पत्र पोचलं तेव्हा तुमचे वडील नव्हते. त्यांनी परत केलेलं नाही.”

ती पदराने पाकीट पुसत राहिली. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

“अब्बा गेल्याची खबर लई उशिरा आली, मला वाटलं पत्र परत धाडल्यावर गेले,” ती म्हणाली. “ह्याचे वडील म्हणले, चल, जाऊन येऊ. मी म्हणलं, ज्यानं माजं पत्र घेतलं न्हाई, त्याच्या गावात पाय ठेवणार न्हाई. दर ईदला म्हणायचे. त्येबी गेले, तरी मी गेले न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मेलेल्या माणसावर रुसून बसले की गं मी.”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मुलगा खिडकी उघडायला म्हणून उठला आणि तिथेच उभा राहिला.

“उद्या गॅरेज बंद ठेव,” ती त्याला म्हणाली. “माज्या अब्बाकडं जायचंय.”

“अम्मी, तिकडे बायकांना कब्रस्तानात जाऊ देत नाहीत.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “मी फाटकाबाहेर उभी राहीन.”