गेटची चावी

सत्काराच्या शाली कपाटात साचतात आणि किस्से डोक्यात. शाली मी वाटून टाकल्या. किस्से कोणाला देणार? घ्या तुम्हीच!

आमची शाळा मोताळ्याजवळच्या खेड्यातली. एक मुख्याध्यापक, आम्ही तीन शिक्षक, त्यांत दोघी बायका. तेव्हाच्या मोठ्या सरांकडे गेटची एकुलती एक चावी असायची. ते साडेदहाला येणार, तोवर पोरं बाहेर आणि आम्हीही बाहेर!

एकदा दुसरीतल्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमाले बी शाळेत घेत नाईत का?"

मला हसू आलं नाही.

*

दुसरीला वानखडे सर होते. त्यांनी तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून दशक शिकवायला घेतलं. पोरं खूश! मोठे सर दारात येऊन म्हणाले, "कोणत्या परिपत्रकात हाय हे?"

वानखडे सरांनी मोळ्या उचलल्या आणि खोलीमागे टाकल्या. त्यानंतर दिवसभरात त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघायचे, "हो सर." त्या वर्षी त्यांनी बदलीचा फॉर्म भरला, पण बदली झाली नाही. एवढा हाडाचा शिक्षक माझ्या डोळ्यांदेखत विझत गेला, याचं फार वाईट वाटायचं.

*

मोठे सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी राऊत मॅडम आल्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "तुमाले इथं काय करावंसं वाटते?"

वानखडे सर म्हणाले, "मले तं घरी जावंसं वाटते."

मॅडमनी ते शांतपणे वहीत लिहून घेतलं. "बरं. अन् जाईपर्यंत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांच्या हातावर गेटची एकेक चावी ठेवली.

*

कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप सातलाच वावरात जातात. पोरं मग गेटपाशी येऊन बसतात. वानखडे सर आठला शाळा उघडू लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोळ्याही परत वर्गात आल्या.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आठला उघडायची ऑर्डर कोणाची?" वानखडे सर उभे राहिले, पण मॅडम आधी बोलल्या.

"माही."

त्या दिवशी सरांचा डबा तसाच राहिला; मधल्या सुट्टीतही ते पोरांसोबत मोळ्या बांधत बसले होते.

*

पुन्हा बदल्यांचे फॉर्म निघाले. मी विचारलं, "भरला का सर?"

"टाईम कुठी हाय मॅडम?"

*

राऊत मॅडमही रिटायर झाल्या. नव्या सरांनी आल्या-आल्या सांगितलं, "चाव्या जमा करा." आम्ही दोघींनी टेबलावर ठेवल्या. वानखडे सरांनी सगळ्यात शेवटी ठेवली आणि म्हणाले, "हो सर."

पुन्हा तेच दोन शब्द!

दुसऱ्या दिवशी मी साडेदहाला पोचले, तर गेटला कुलूप. बाहेर लिंबाखाली वानखडे सर मातीत मांडी घालून बसलेले, भोवती पोरं, मध्ये नव्या काड्यांच्या मोळ्या. आठपासून चाललं होतं म्हणे. मीही पर्स बाजूला ठेवून खाली बसले.

नवे सर गाडीवरून उतरले. त्यांनी कुलूप काढलं, गेट उघडलं आणि धरून उभे राहिले. एकही पोर उठलं नाही.

"थांबा सर," वानखडे सर मान वर न करता म्हणाले, "एवढं हातच्याचं गणित होऊ द्या."