तापाची चिठी मी आणणार नाही

पेडण्याच्या मंडळींनो, हे आधी तुम्ही वाचा.

आज प्रोजेक्ट द्यायचा शेवटचा दिवस होता आणि माझा अर्धाच झालाय. आमचं काजूचं भाट आहे, छोटी बागच. आईचा पाय मुरगळल्यापासून झाडाखाली पडलेली काजूची फळं, बोंडू, मीच गोळा करते.

सरांकडे दोन दिवस मागितले. सर तसे चांगले आहेत. हळूच म्हणाले, "बाये, डॉक्टरकडून तापाची चिठी आण. लगेच देतो."

"पण सर, मला ताप नाही. काजू पडतायत."

"काजू हे कारण होत नाही गो."

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, आज पडलेला बोंडू उद्या कुसतो. गेल्या महिन्यात कॉलेजात गोव्याची संस्कृती साजरी केली, तेव्हा बोंडूंच्या रसाचा ताजा नीरो माझ्याच घरून आणलेला. तुम्ही दोन ग्लास प्यालात."

मी सरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. कारण लिहिलं, काजू. मार्क कापायचे तर कापू देत.

मैत्रिणी म्हणतात, चिठी आण आणि मोकळी हो. पण मला सांगा, आपल्याकडच्या किती मुलांना दर एप्रिलमध्ये हा खोटा ताप येतो?

मला येणार नाही.