आडनाव ऐकूनही हसणारा माणूस

गोड बोलणाऱ्या माणसावर माझ्या सासऱ्यांइतका राग धरणारा माणूस उभ्या मुंबईत दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांनीच शिकवून तयार केलेला असणार. कोणी शिवी दिली तर ती ते शांतपणे ऐकून घेत, कारण शिवी देणाऱ्याच्या मनात काय आहे ते उघड असतं असं त्यांचं म्हणणं. पण कोणी 'या, बसा, बरेच दिवसांनी' म्हणालं की त्यांचा हात आधी खिशावर जाई आणि मग मिशीवर. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत येणारा दूधवाला एकदा हसून 'कसं काय, बरं हाय ना' म्हणाला, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूधवाला बदलला. नवा दूधवाला तोंड पाडून येई, दूध पहिल्याहून पातळ घाली, पण सासरे त्याच्यावर खूश. म्हणत, "पानी घालतोय, पन तोंड वाकडं करून घालतोय. फसवत न्हाई."

रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणे आणि ते मला जावईबापू म्हणत, पण हे नातं जुळताना फार भांडणं झाली. मी पडलो म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी अदबीने बोललो, पोह्यांची तारीफ केली, निघताना वाकून नमस्कार केला. आणि चार दिवसांनी नकार आला. कारण विचारलं तर 'पोरगा लई गोड हाय' एवढंच. माझे वडील तावातावाने जाब विचारायला गेले, मामांना भर जिन्यात अरेतुरे बोलले, आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली. लग्नानंतरही मी कधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली की ते डोळे बारीक करून विचारत, "का वं? काय पायजे?" मी चिडायचो. मी चिडलो की त्यांना बरं वाटायचं.

कुणाशी नवीन ओळख झाली की मामा आपलं नाव सांगत नसत. आधी आडनाव सांगत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत. ते आडनाव मी इथे लिहीत नाही, कारण वाचताना तुमचं तोंड कसं होतं ते मला बघता येणार नाही. आडनाव कानावर पडलं की कुणाचं हसू थबकतं, कुणाचं एका बाजूने उतरतं, कुणाचं उगाच जास्त रुंद होतं, हे सगळं मामा तांदळातला खडा बघावा तसे बघत. हा नाद त्यांना हौसेने लागला नव्हता. गिरणीच्या सूत कातायच्या रिंगखात्यात त्यांची उमर गेली. कापड विणायच्या साचेखात्यात पगार बरा होता, पण तिथे सुताची बाबीण बदलताना मागावरच्या धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि ज्या धोट्याला आमचे ओठ लागले तो आपल्या ओठांना लावायचा नाही म्हणून तिथल्या कामगारांनी आम्हांला त्या खात्याचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. संप आला की हेच लोक मामांच्या खांद्यावर हात टाकून 'भाऊ, भाऊ' करत. हे लिहितानाही माझं डोकं तापतं. मामा ही गोष्ट विनोद म्हणून सांगत, लोकांना हसवत, आणि सांगून झाल्यावर जेवत नसत.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत तर चाळीत गोड बोलणाऱ्यांचा पूरच आला. परळ-लालबागच्या रस्त्यांवर मोर्चे निघत होते, अश्रुधुराने पोरांचे डोळे सुजत होते, आणि गिरगावातले एक गृहस्थ, कडक इस्त्रीचं धोतर, आवाज खणखणीत, वरचेवर आमच्या जिन्याशी येऊन 'आपण सारे एका आईची लेकरं' असं सांगत. मामांनी त्यांना आडनाव सांगितलं. गृहस्थांचं हसू होतं तिथेच राहिलं, पाऊल मात्र एक पायरी खाली गेलं. "आत या, च्या घ्या," मामा म्हणाले. "नको नको, आत्ताच झाला," गृहस्थ म्हणाले. त्यांचा चहा दर खेपेला आत्ताच झालेला असे. मी मामांना म्हणालो, कशाला जाता त्यांच्या मोर्च्याला? तर माझ्यावरच डाफरले, "त्यांचा व्हय? मुंबई काय त्यांच्या बापाची हाय?" गेले, सगळ्यांत मोठ्याने ओरडले आणि लाठी खाऊन खांदा सुजवून आले. हळदीचा लेप लावताना माझी बायको रडत होती. मामा तिला म्हणाले, "मुंबई मिळंल गं. मुंबई घेतल्याबिगर ऱ्हात न्हाई आमी. पन त्यो च्या काय प्याला न्हाई."

आम्ही सगळ्यांनी तोवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि गिरणीतून कायमचे सुटल्यावर मामांच्या मनाने घेतलं की सिलोनला जायचं. भोईवाड्यातून कोणी पुण्याला निघालं तरी त्याला तासभर सावधगिरीचे धडे देणारा हा माणूस, त्याने स्वतःहून परदेशाचं नाव काढावं याचं चाळीला नवल वाटलं. लेकीने विचारलं, "बाबा, काय बघणार तिथं?" तेव्हा मामांनी आधी तिला समोर बसवलं. मग म्हणाले, "बघायचं काय न्हाई. तिकडं समदे आपल्या धम्माचे. कुनाच्या तरी घरात जायचं, आडनाव सांगायचं, आन् त्यांच्या पंगतीत बसून जेवायचं. एवढंच हाय." बापाने आयुष्यात हे एकच मागितलं म्हणून माझ्या बायकोने दिवाळीच्या सुट्टीत मला त्यांच्याबरोबर पिटाळलं.

गाडीने मद्रास, तिथून धनुष्कोडी, मग आगबोट, मग पुन्हा गाडी असा तो प्रवास. झोपताना मामा गाठोड्याची दोरी घोट्याला बांधत आणि सकाळी विसरून उठत, त्यामुळे रोज एकदा पडत आणि उठून माझ्यावर रागावत. डब्यातल्या एका म्हातारीने मला मायेने केळं दिलं, ते मामांनी उजेडात धरून सुई टोचल्याचं भोक आहे का ते पाहिलं आणि भोक नव्हतं तरी परत केलं. "परमुलखात कुनी दिलेलं खायाचं न्हाई. गुंगीचं औषध असतंय," असं त्यांनी मला तिच्यासमोरच बजावलं. तिला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं.

अनुराधपूरच्या स्टेशनवर पांढऱ्या वस्त्रांतला, हातात फुलं घेतलेला एक माणूस आमच्यापाशी आला. हिंदी बोलत होता. "बंबई से? मेरा भाई दादर में है." परदेशात दादरचं नाव ऐकून मी विरघळलो, परळहून दादर चालत जायला कंटाळणारा मी, पण तिथे मला भरून आलं. मामा गाठोडं पोटाशी धरून त्याच्याकडे बघत होते. तो आम्हांला तिथल्या जुन्या बोधिवृक्षाकडे घेऊन गेला, आणि फाटकाशी त्याने माझे नवेकोरे बूट 'मैं सम्हालता हूँ' म्हणून प्रेमाने मागून घेतले. मामांनी आपल्या वहाणा पिशवीत घातल्या, पिशवी छातीशी धरली आणि तशाच अवस्थेत त्रिशरण म्हटलं. बाहेर आलो तर माणूस नाही आणि बूटही नाहीत. मामांना इतक्या आनंदात मी लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "आता जावा दादरला, त्याच्या भावाकडं बूट मागाया," असं ते मला दिवसभर सांगत होते, आणि मी अनवाणी, तापल्या वाटेवर पाय भाजत, त्यांच्या मागून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वाटेवर माझ्याच वयाचा एक छत्रीवाला माणूस भेटला. तोही शाळेत मास्तर, इंग्रजी बोलणारा. माझे सोललेले पाय बघून त्याला वाटलं की मी श्रद्धेपोटी मुंबईहून अनवाणी आलो. मी खरं काय ते सांगायच्या आत त्याने हात जोडले आणि मामांचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मामांनी ते हिसकून परत घेतलं. "काय म्हनतोय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "घरी जेवायला चला म्हणतोय. बुद्धाच्या देशातली माणसं घरी आली तर आईला आनंद होईल म्हणतोय."

मामांनी मान वर करून पाहिलं. घर तिथून दिसत होतं. झावळ्यांचं कुंपण होतं आणि दारात एक म्हातारी उभी राहून आम्हांला हाताने बोलावत होती. एवढ्यासाठीच तर हा माणूस समुद्र ओलांडून आला होता. मामांनी छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने आडनाव सांगितलं. त्या मास्तराने ते आडनाव चुकतमाकत म्हणून पाहिलं आणि हसत राहिला. मामांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी जात सांगितली, जी आम्ही मागे टाकून आलो होतो ती. मास्तर हसतच होता. भात तयार आहे, चला, म्हणाला.

मामांचा चेहरा उतरला. माझा दंड धरून म्हणाले, "जावईबापू, निघा हितनं. आडनाव ऐकून बी ज्याच्या तोंडावर काय हालत न्हाई, त्यो लई मोठा चोर. असला म्या मुंबईत बी बघितला न्हाई."

"मामा, त्याला काही कळलंच नाही. त्या नावाचा अर्थ इथे कुणालाच माहीत नाही."

"असा मुलूख असतोय व्हय?" मामा म्हणाले. "त्याला इचारा, बदल्यात काय पायजे."

मी दोनदा टाळलं, पण मामा हटेनात, तेव्हा विचारलं. मास्तराला आधी प्रश्न समजला नाही. समजला तेव्हा त्याचं हसू गेलं. 'काही नको' असं हळूच म्हणून त्याने छत्री खाली घेतली. "बघा," मामा म्हणाले, "आता उतरलं." आणि ते स्टेशनची वाट चालू लागले. मागे वळून पाहिलं तर म्हातारी अजून दारातच होती. मला इतका राग आला होता की पाय भाजत असल्याचंही मी विसरलो. मामांवर चिडलो होतोच, पण ज्यांनी साठ वर्षं हा माणूस उंबऱ्याबाहेर उभा ठेवला, इतका की आत बोलावणारा त्याला चोर वाटावा, त्यांना त्या वेळी मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या माझ्यासारख्या मास्तराच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या. त्यातली एकही मी अजून परत घेतलेली नाही.

गाडी सुटायच्या वेळी ती म्हातारी स्टेशनवर आली. केळीच्या पानात बांधलेलं जेवण तिने मामांच्या पुढे धरलं. मामांनी हात मागे घेतले. ती तिच्या भाषेत ओरडू लागली आणि मामा मराठीत. "नगं म्हनलं ना बाई, कशापाय गळ्यात मारताय?" ती अजिबात ऐकेना. शेवटी तिने मामांचे दोन्ही हात धरून ओढले, पुडकं त्यांच्यात ठेवलं आणि वरून त्यांची बोटं स्वतःच्या हातांनी मिटवली. गाडी हलली तरी दोघं भांडतच होती.

चाळीत परत आल्यावर मामांनी माझ्या बुटांची गोष्ट मरेपर्यंत सांगितली. मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या दिवशी पेढे वाटतानाही सांगितली. गाडीत पुढे काय झालं ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही, म्हणून मी सांगतो. पुडकं त्यांनी बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं. मग सोडलं, आणि म्हणाले, "आधी तुमी खावा." मी रागारागाने चार घास खाल्ले. भात होता, फणसाची भाजी होती, नारळाची चटणी होती. मी गुंगी येऊन पडतो का हे मामा डोळ्यांची पापणी न हलवता बघत राहिले. दोन स्टेशनं गेली, मी धडधाकट बसलेला दिसत होतो, तेव्हा त्यांनी पान आपल्याकडे ओढलं. एकेक घास सावकाश खाल्ला, पानाला चिकटलेली शितंसुद्धा बोटाने टिपून घेतली. मी त्यांना सुनवायला चांगली चार वाक्यं तयार करून बसलो होतो. मामांनी पानाची घडी घातली, ती फेकली नाही, हातातच ठेवली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आत गेलो असतो, तर तिनं अजून घ्या, अजून घ्या, असा आग्रह केला असता."