आईच्या दंडावर आठ मशिनं

येमेनचा एक मुलगा चार वर्षं आमच्या माडीवर भाड्यानं राहिला. नर्सिंग शिकायला आला होता. माझ्या आईला तो आजी म्हणायचा आणि रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी तिचं बीपी मोजायचा. "आजी, काल लोणचं खाल्लं," असं तो आकडा बघून म्हणाला की आई विचारायची, "मशीन चुगली करतं व्हय रे?"

शिक्षण संपलं आणि त्याची येमेनला परत जायची वेळ आली. त्याच्या गावाभोवती आठ दवाखाने होते. मदतीच्या गाड्यांतून कधीमधी औषधं यायची, पण बीपी मोजायचं साधन एकाही ठिकाणी धड नव्हतं. आमच्या गल्लीनं वर्गणी काढून औरंगपुऱ्याच्या बाजारातून काट्याच्या तबकडीची आठ मशिनं आणली. दर दवाखान्याला एक.

माझी नोकरी वजनमापं तपासायची. लासूर स्टेशन, वैजापूरच्या आडतींवरचे काटे तपासण्यात उमर गेली. न तपासलेलं माप घराबाहेर जाऊ देणं मला जमत नाही. त्यात तिकडं दुरुस्तीला माणूस नाही. तो दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणजे खराब मशीन बदलून आणायलाही सवड नव्हती.

त्यानं आधी स्वतःच्या जुन्या पाऱ्याच्या मशीनवर आईचं बीपी मोजलं. तो आकडा मी प्रमाण धरला. मग एकेक नवं मशीन तिच्या दंडाला.

"मी काय तुझं किलोचं वजन हाय का?" आई मला म्हणाली.

"वजन बोलत नसतं," मी म्हणालो.

पाच मशिनं जुळली. मध्ये चहा झाला. आईनं त्याला विचारलं, "परत कधी येशील?"

त्यानं कप खाली ठेवला. "आजी, तिकडं माणसं कमी आहेत. आता येणं नाय होणार बहुतेक."

"बरं. बिस्कीट घे."

त्यानंतरची तिन्ही मशिनं जास्त दाखवायला लागली. मी ती बाजूला काढली. "म्हणजे तीन दवाखाने मशिनाविना राहिले," तो म्हणाला. मला मात्र ते पटेना. तीन वेगळे काटे एकाच बाजूला सारखेच झुकलेले दिसले, तर आडतीवर मी काट्यावर नाही, मालकावर संशय घेतो.

"पाऱ्याचं लाव परत," मी म्हणालो.

त्यानं लावलं. तेही तेवढंच जास्त निघालं.

कानातली नळी काढून तो आईकडं वळला. "आजी, मशिनं बरोबर आहेत."

"मग मी बिघडले व्हय?"

"व्हय, आजी."

आईनं पदरानं चष्मा पुसला. "मग भर की आठही. बसलास कशाला?"

त्यानं आठही भरली. पाऱ्याचं मशीन विमानात चालत नाही, म्हणून ते आमच्याकडं ठेवलं आणि संध्याकाळी मला वापरायला शिकवलं. आता रोज सकाळी मीच मोजतो. आकडा माझा बरोबर असतो. पण लोणचं मला ओळखता येत नाही, असं आईचं म्हणणं आहे.