खाली नीळ, वर जिलेबीचा रंग

माझी शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळे ठाण्याच्या ग्राहक कोर्टाची नोटीस आली तेव्हा मी ती उलटी धरून लय गंभीरपणे बघत बसलो होतो. बायकोने हातातून घेतली, सरळ केली आणि वाचली.

"तुमच्यावर केस झालीय."

मी प्लंबर. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागे एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूमचा पाइप मी बदलला होता. दोन महिन्यांत त्यांच्या हॉलची भिंत ओली झाली. काका म्हणाले, तुझाच पाइप गळतोय. मी म्हटलं, पाणी वरच्या बाल्कनीतून येतंय, तिथे वॉशिंग मशीन लावलंय ना, त्याचं. पण वर राहतात सोसायटीचे सेक्रेटरी! दुसऱ्या दिवसापासून वॉचमन मला गेटमधूनच परत पाठवायला लागला. शेजारच्या दोन बिल्डिंगींची कामंही बंद. माझं घर त्या तीन बिल्डिंगींवरच चालायचं.

वकील गाठला. माणूस चांगला, चहा पाजला. म्हणाला, "अर्धी चूक कबूल करा, मी मिटवून टाकतो."

"पण साहेब, पाणी वरून येतंय."

"पाणी कुठून येतंय ते सोडा हो."

ते कसं सोडू? आयुष्यभर मी तेवढंच तर बघत आलोय. आणि चूक कबूल केलेल्या प्लंबरला घरात कोण घेणार?

घरी येऊन सांगितलं, "वकील नको. माझं मीच बोलतो."

बायकोने लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही? मला बघायला आलात तेव्हा बाबांनी नाव विचारलं, तर गावाचं नाव सांगितलंत!"

खरं होतं. तीन दिवस मी विचार केला. स्वतः बोलून हरलो तर धंदा जातोय, वकिलाने मिटवलं तरी जातोय. मग जाऊ दे माझ्याच तोंडाने.

कोर्टात समोर जज मॅडम होत्या. काकांचा वकील फडाफड बोलला. माझी पाळी आली, आणि घशातून पहिला शब्द निघाला तो "आई!"

सगळे हसले. मॅडमपण. म्हणाल्या, "घाबरू नका, बोला."

बोलणं काही सुचेना, म्हणून नोटिशीच्या पाठीमागे चित्र काढलं. "हा माझा पाइप. ही काकांची भिंत. ही वरची बाल्कनी. माझ्या पाइपात नीळ टाकू, वर जिलेबीचा केशरी रंग. भिंतीवर निळं आलं तर सगळी भरपाई माझ्याकडून घ्या. केशरी आलं तर मला सोडा."

काकांचा वकील ओरडला, "मॅडम, ही काय रंगपंचमी आहे?"

मॅडमनी चित्र बघितलं. "पाणी तर खोटं बोलणार नाही. करून बघू." आणि एक इंजिनीअर नेमला.

कोर्टाचा कागद बघून सेक्रेटरींनी मुकाट्याने बाल्कनी उघडली. वर केशरी ओतलं. खाली नीळ ओतताना बाटली अशी निसटली, की कोपरापर्यंत मीच निळा. इंजिनीअर म्हणाला, "मिस्त्री, लीकेज तर तुमच्यातच सापडलं!"

पुढचे तीन दिवस, खोटं कशाला बोलू, मला माझ्याच जॉइंटवर संशय यायला लागला. पाइप पुसून मग चिकटवायचं सोल्युशन लावलं होतं की नुसतंच? जेवण जाईना.

चौथ्या दिवशी काकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. छताजवळून भिंतीवर ताटाएवढा डाग उतरला होता. केशरी! निळा ठिपका औषधालाही नाही. बावन्न वर्षांचा मी, काकांच्या हॉलमध्ये नाचलो आणि त्यांच्या टीपॉयवर नडगी आपटून घेतली.

मॅडमनी केस काढून टाकली. बाहेर काका म्हणाले, "मिस्त्री, चुकलं माझं. आता वरचं काम कोण करणार?"

"सेक्रेटरी बोलावतील तर मीच."

सेक्रेटरी स्वतः गेटवर घ्यायला आले. त्यांच्या बाल्कनीचं काम मी दोन दिवसांत केलं, आणि तिथून खाली उतरेपर्यंत शेजारच्या बिल्डिंगमधली दोन कामं खिशात.

घरी बायकोला कोर्टातलं सगळं भाषण करून दाखवलं. 'आई' गाळून. दोनदा ऐकलं तिने. तिसऱ्यांदा सुरू केलं तर म्हणाली, "तारीख द्या आता, भात करपतोय."